आधी पेशंट कसा झोपणार ते बघ

पोरी, ॲम्प्युल फोडण्याआधी एवढं बघ, की हा पेशंट बसू शकतो का, कुशीवर वळू शकतो का, आणि पाठीवर आडवा झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं तसाच राहणार आहे का. स्पायनलला हेवी बुपिव्हाकेन घ्यायचं की प्लेन, हे त्याच्यावर ठरव. पुष्कळ जण उलटं करतात. ट्रेमध्ये हेवी असतं, ते भरून मोकळे होतात आणि मग पेशंटला औषधाच्या सोयीने वळवत बसतात. पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात हे खपून जातं. तिथे वळवायला चार हात असतात, टेबल बटणावर तिरकं होतं. तू आता मंचर, घोडेगाव, नारायणगाव, जुन्नर असं बॅग घेऊन फिरणार. छोट्या ओटीत एक सिस्टर, एक मावशी, सर्जन हात धुवायला गेलेले, आणि टेबलाचा हँडल जागचा हलत नाही. अशा वेळी औषधाचं वजन आणि पेशंटची ठेवण यांचं गणित तुझ्या डोक्यात पक्कं हवं. एकदा आत गेलेलं औषध परत ओढून घेता येत नाही.

मी पेठला येऊन राहिल्यापासून तू फोनवर जे जे विचारतेस, त्यातलं निम्मं याच मुद्द्यापाशी येऊन थांबतं. म्हणून एकदाच सगळं सांगते.

पाठीच्या कण्याभोवतीचं पाणी, म्हणजे आपलं सीएसएफ, ३७ अंशांना मिलिलिटरला १.०००३ ग्रॅमच्या आसपास भरतं. गरोदर बाईत ते किंचित हलकं असतं. हेवी बुपिव्हाकेनच्या प्रत्येक मिलीत ८० मिलिग्रॅम डेक्स्ट्रोज असतं, त्यामुळे त्याची घनता १.०२ च्या घरात जाते. ऐकायला फरक दोन टक्क्यांचा, पण पाण्यात काकवी सोडली की ती जशी सरळ तळ गाठते, तसं हेवी आत गेल्या गेल्या उतार शोधतं. ०.५ टक्के प्लेन बुपिव्हाकेन शरीराच्या तापमानाला ०.९९९ च्या आसपास, म्हणजे सीएसएफपेक्षा केसभर हलकं. पुस्तकं त्याला कधी समभार म्हणतात, कधी हलकं. तू हलकं धरूनच चाल. जिथे हा केसभराचा फरक महत्त्वाचा ठरतो, तिथे तो नेहमी वरच्याच दिशेने ठरतो.

उतार कुठे आहे हे डोळ्यांसमोर आण. पाठीवर झोपलेल्या माणसाचा कणा सपाट नसतो. कमरेत तिसऱ्या लंबर मणक्यापाशी उंचवटा असतो, आणि पाठीत पाचव्या-सहाव्या थोरॅसिक मणक्यापाशी खोलगा. आपण सुई घालतो ती नेमकी उंचवट्याजवळ. तिथे टाकलेलं हेवी दोन वाटांनी ओघळतं, थोडं खाली सेक्रमकडे आणि थोडं वर छातीमागच्या खोलग्यात. खोलग्यात ते जमतं, आणि म्हणूनच सीझरला लागणारी टी-४ ची पातळी फार खटाटोप न करता मिळते.

हे पहिल्यांदा नीट ओळखलं ते आर्थर बार्कर यांनी, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलचे सर्जन. बियर यांनी जर्मनीत कील इथे १८९८ मध्ये कोकेन वापरून पहिली स्पायनल दिली, त्यानंतर जेमतेम नऊ वर्षांनी, १९०७ मध्ये, बार्कर यांनी भुलीच्या औषधात ग्लुकोज मिसळलं. त्यांनी कण्याच्या वळणांसारखी वाकवलेली काचेची नळी घेतली, तिच्यात रंगीत औषध सोडलं आणि ते कुठे जाऊन साचतं ते बघितलं. ना एमआरआय, ना मॉनिटर. तू रोज जे ॲम्प्युल फोडतेस त्यातली साखर त्या काचेच्या नळीतून आलेली आहे. शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगत आले, कारण ती नळी एकदा मनात बसली की टेबलावरचा माणूस आरपार दिसायला लागतो.

आता सीझरचं बोलू, कारण तुझं निम्मं काम तेच असणार.

सीझरला हेवीच घे. दोन्ही औषधांची तुलना करणारा कॉक्रेनचा आढावा आहे, त्यात हेवीने टी-४ ची पातळी साधारण मिनिटभर आधी येते असं दिसलं. मिनिटाचं कौतुक नाही, कौतुक आहे भरवशाचं. प्लेन एखाद्या बाईत बेंबीपाशी थांबतं, तर दुसरीत तेवढ्याच डोसला गळ्यापर्यंत जातं, आणि कुठल्या बाईत काय होणार ते आधी कळत नाही. एमआरआयवर मोजलं तेव्हा कमरेच्या भागातलं सीएसएफ माणसागणिक २८ पासून ८१ मिलीपर्यंत निघालं. हा आकडा टेबलावर तुला कधीच कळणार नाही. त्यातल्या त्यात उतारावर चालणारं औषध तुझ्या हातात राहतं.

बसवून देत असशील तर सुई काढल्या काढल्या बाईला आडवी कर. इथेच घोळ होतो. सुई निघते, मग कोणीतरी पाठीवरची चिकटपट्टी शोधतं, सिस्टर कॅथेटरचं विचारते, बाईला एक कळ येते म्हणून सगळे थांबतात. तेवढ्यात हेवी खाली उतरतं. मग पाय जड होतात, बसायची जागा बधिर होते, आणि पोटावर चिमटा लावला की बाई ओरडते. म्हणून चिकटपट्टी आधी कापून टेबलाच्या कडेला लावून ठेव, मावशीला बाईच्या खांद्यामागे उभी कर आणि सांगून ठेव, “मी ‘हं’ म्हटलं की लगेच निजवायचं.”

कुशीवर देत असशील तर बाईच्या बांध्याकडे बघ. बायकांचे खांदे अरुंद, कंबर रुंद. डाव्या कुशीवर निजवली की कणा डोक्याकडे उतरता होतो. टेबल सपाट असतं, पण कणा नसतो. हेवी त्या उतारावरून वर पळतं. चादरीची घडी करून खालच्या खांद्याखाली सरकव, कणा समतल झालाय का ते टेबलाच्या पायथ्याशी उभी राहून डोळ्याने बघ, मग सुई घाल. रुंद खांद्याच्या गड्यांमध्ये हेच उलटं होतं, त्यांचा कणा पायांकडे उतरतो आणि पातळी कमी पडते. एवढीशी घडी, पण ती घालणारे फार थोडे पाहिले मी.

डोसचं म्हणशील तर सीझरला १० मिलिग्रॅम, म्हणजे २ मिली हेवी, हा माझा मध्य. डिंभ्याच्या वरच्या अंगाला, आहुप्याच्या किंवा भीमाशंकरच्या बाजूने आलेली चणीने बारीक बाई असेल, उंची कमी असेल, तर मी १.६ ते १.८ वर थांबते आणि सोबत फेन्टानिल घालते, २५ मायक्रोग्रॅम, म्हणजे अर्धा मिली. फेन्टानिल हलकं असतं, पण साखरेच्या वजनापुढे त्याचं काही चालत नाही, मिश्रण जडच राहतं. प्लेनमध्ये तेच फेन्टानिल घातलंस तर मात्र मिश्रण आणखी हलकं होतं, हे लक्षात ठेव.

आडवी केल्यावर उजव्या कमरेखाली पाचर, डोक्याखाली आणि खांद्याखाली उशी. ती उशी आरामासाठी आहे असं सगळ्यांना वाटतं. ती मानेचा भाग वर ठेवते, म्हणून खोलग्यात साचलेलं हेवी मानेकडे सरकत नाही. कोणी काढायला लागलं तर काढू देऊ नकोस.

मग बीपी पडेल. पडणारच, ते धरून चाल. मेफेन्टर्मिन किंवा फेनिलेफ्रिन पातळ करून, लेबल लावून, सुई घालायच्या आधीच हाताशी हवं. ॲट्रोपिनही. बीपी पडलं की ओटीत कोणीतरी हमखास म्हणतं, “डोकं खाली करा.” हेवी दिल्यावरच्या पहिल्या मिनिटांत टेबल डोक्याकडे उतरतं करायचं नाही. रक्तदाब चढेल न चढेल, भूल मात्र चढेल. पाय उचल, पाचर सरकली का बघ, सलाइन पळव, औषध दे. टेबल सपाट राहू दे.

आणि बाईशी बोलत राहा. बोलणं हाच तुझा सगळ्यात चांगला मॉनिटर. हाताची बोटं आवळायला सांग. करंगळीला मुंग्या येतात म्हणाली, तर भूल सी-८ ला पोचली आहे. पकड सैल पडली, आवाज कुजबुजीवर आला, “दम घेता येत नाही” असं दोन-दोन शब्दांत म्हणायला लागली, की बॅग-मास्क हातात घे, नळीची तयारी कर, कोणाची परवानगी बघत थांबू नकोस. नाडी मंदावायला लागली तर हृदयाला वेग देणाऱ्या, टी-१ ते टी-४ मधल्या नसा झोपल्या आहेत असं समज. नुसती छाती जड वाटते म्हणाली, पण हात घट्ट आवळते आणि मोठ्याने बोलते, तर ते बरगड्यांची जाणीव गेल्यामुळे. तिला तसं सांग. “बाई, श्वास चालू आहे तुमचा, मी इथेच बसलेय,” एवढ्याने अर्धी भीती जाते.

पातळी बघताना स्पिरिटचा बोळा वापर. स्तनाग्राची रेघ टी-४, छातीच्या खालचं टोक टी-६, बेंबी टी-१०. गारवा कळत नाही तिथे अजून स्पर्श कळत असतो, स्पर्शाची बधिरता दोन घरं खाली असते. म्हणून गारवा टी-४ ला गेला की लगेच चाकू द्यायचा नाही. स्पर्श कुठपर्यंत गेला ते बघ, मग सर्जनना “हं” म्हण. घाई त्यांना असते, ओरडणार बाई असते.

मूळव्याध, भगंदर यांच्या केसेसना हेवीचा गुण पुरेपूर वापर. मिलिभर हेवी, पाच मिनिटं बसवून ठेव, की बसायची जागा तेवढी झोपते आणि बीपीला धक्का लागत नाही. हृदयाचा पेशंट असेल तर याहून गोड भूल नाही.

प्लेन कधी? ज्याला दुखऱ्या बाजूवर झोपवता येत नाही त्याला.

आपल्याकडे पहाटे गोठ्यात पाय घसरून खुबा मोडलेली म्हातारी माणसं किती येतात, ते तू बघशीलच. सत्तरीतला आजोबा, मोडलेला पाय बाहेर वळलेला, हात लावू देत नाही. त्याला हेवी द्यायचं म्हटलं तर औषध मोडलेल्या बाजूला उतरावं म्हणून त्याच बाजूवर निजवायला लागतं. ते त्याला सहन होणं शक्य नाही, आणि तसं करायला लावू पण नकोस. इथे प्लेनचं हलकेपण कामाला येतं. चांगल्या कुशीवर वळव, मोडलेला पाय वर. प्लेन दीड ते दोन मिली, हळू, आणि पाच-दहा मिनिटं तसंच राहू दे. ते वरच्या अंगाला तरंगतं, भूल मोडलेल्या पायाला जास्त लागते, बीपी हळू उतरतं आणि तुला सावरायला वेळ मिळतो. वळवण्याच्या आधी जांघेत फॅशिया इलियाका किंवा फेमोरल ब्लॉक देऊन ठेव. पंधरा-वीस मिनिटांनी आजोबा स्वतःहून सांगतील की आता वळवा. प्लेनची भूल हेवीपेक्षा जरा जास्त टिकते, हाडाच्या सर्जनला ते सोयीचं पडतं.

पण प्लेन देऊन माणसाला बसवून ठेवू नकोस. हेवीच्या सवयीने हात तसं करतात. बसलेल्या माणसात हेवी खाली जातं, प्लेन वर चढतं. दुसरं, प्लेन दिल्यावर तासाभराने जरी पेशंटला वळवलं, उठवलं, स्ट्रेचरवर घेतलं, तरी पातळी वर सरकू शकते. म्हणून प्लेनच्या पेशंटला वॉर्डात सोडताना सिस्टरला बीपी बघायला सांग, आणि पहिल्या तासात डोकं एकदम उंच करू नका म्हण.

थंडीतली एक गोष्ट. डिसेंबर-जानेवारीत जुन्नरला सकाळी ॲम्प्युल हातात घेतलं तर बर्फाचं लागतं. हेवीला त्याचा फारसा फरक पडत नाही, साखर त्याला जडच ठेवते. प्लेनला पडतो. गार प्लेन सीएसएफच्या बरोबरीचं किंवा किंचित जड वागतं, शरीराइतकं गरम झालेलं हलकं होतं. बसलेल्या पेशंटना शरीराच्या तापमानाचं प्लेन दिलं तेव्हा ते गार प्लेनपेक्षा वर चढलं, हे १९८० च्या दशकातल्या अभ्यासांत स्पष्ट दिसलं आहे. तू काही थर्मामीटर घेऊन बसणार नाहीस. पण एकाच ओटीत मे महिन्यात आणि पौषात प्लेन वेगळं वागलं, तर औषधाच्या कंपनीला दोष देण्याआधी हे आठव.

प्लेन म्हणून २० मिलीच्या व्हायलमधलं कधी भरू नकोस. ती व्हायल ब्लॉकसाठी असते, पुन्हा पुन्हा टोचायची म्हणून तिच्यात टिकवण्याचं रसायन घातलेलं असतं. ते कण्यात जाता कामा नये. स्पायनलसाठीचं, टिकाऊ रसायन नसलेलं, एकदाच वापरायचं छोटं ॲम्प्युल हवं. तालुक्याच्या मेडिकलमध्ये ते नेहमी मिळेलच असं नाही, म्हणून तुझ्या बॅगेत तुझं स्वतःचं असू दे. हेवी पण तुझंच. हलकं औषध हवं म्हणून प्लेनमध्ये डिस्टिल्ड वॉटर मिसळणारेही आहेत. मोठ्या ठिकाणी, स्वच्छ मांडणीत ते करतात. तू रात्री दोन वाजता, एका हाताच्या मदतीने, ते करू नकोस.

जुन्या कपाटांत ५ टक्के लिग्नोकेन हेवी अजून सापडतं. लवकर चढतं, लवकर उतरतं म्हणून ते जुन्या सर्जनना आवडतं. त्याच्यानंतर कमरेतून दोन्ही पायांत उतरणारी कळ दोन-तीन दिवस राहते, विशेषतः पाय वर बांधून केलेल्या केसेसमध्ये, हे १९९३ पासून छापून आलेलं आहे. मी ते सोडलं. तूही उचलू नकोस, कोणी कितीही आग्रह केला तरी.

आता जे सांगते ते मनावर कोरून ठेव. २०१७ मध्ये वोमन ट्रायल आली, बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावात ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड लवकर दिलं तर बायका वाचतात हे दिसलं, आणि ते औषध प्रत्येक लेबर रूममध्ये आलं. फार चांगलं झालं. पण त्याचं ॲम्प्युल हेवी बुपिव्हाकेनच्या ॲम्प्युलसारखं दिसतं. ते चुकून कण्यात गेलं तर काही मिनिटांत पाठीत आणि पायात भयंकर कळ, पाय थडथडतात, मग झटके, मग हृदयाचा ठोका बिघडतो. नोंदवलेल्या केसेसमधली जवळपास निम्मी माणसं गेली. मार्च २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने याच्यावर जगभर इशारा काढला. तू जाशील त्या प्रत्येक ओटीत पहिल्या दिवशी सिस्टरला विनंती कर, की ट्रॅनेक्झॅमिक भुलीच्या ट्रेमध्ये ठेवायचं नाही, दुसऱ्या कपाटात ठेवायचं. ॲम्प्युल तू स्वतः हातात घे, नाव मोठ्याने वाच, सिस्टरला वाचायला लाव, मग फोड. कोणी आधी भरून ठेवलेली सिरिंज कितीही ओळखीच्या हातून आली तरी कण्यात घालायची नाही. भूल चढण्याऐवजी बाई कळवळली, तर “पहिल्यांदाच आहे, घाबरली” असं म्हणू नकोस. फोडलेलं ॲम्प्युल उचलून वाच. म्हणून फोडलेली ॲम्प्युलं केस संपेपर्यंत टाकायची नाहीत.

स्पायनल लागली नाही तर काय, हा तुझा परवाचा प्रश्न. पंधरा मिनिटं थांब. काहीच लागलं नसेल, पायात ताकद पूर्ण असेल, तर बहुधा औषध आत गेलंच नाही, सुई हलली. पुन्हा देता येते, वेगळ्या जागी, विचार करून. पण बसायची जागा बधिर आहे आणि वर चढत नाही, तर औषध आत गेलंय आणि खाली साचलंय. अशा वेळी तोच डोस, तेच हेवी, त्याच ठेवणीत पुन्हा देणं सगळ्यात वाईट. नवीन औषध जुन्याच्या ढिगावर जाऊन पडतं. १९९१ मध्ये अमेरिकेत कॉडा इक्विनाच्या चार केसेस एकत्र छापल्या गेल्या. कॅथेटरमधून पुन्हा पुन्हा औषध दिलेलं, बहुतेकांत कॅथेटर बारीक आणि औषध ५ टक्के लिग्नोकेन हेवी, आणि ते सगळं सेक्रमच्या बाजूला साचून राहिलेलं. त्या पेशंटच्या लघवी-संडासच्या नसा दुखावल्या. पुढच्या वर्षी तिथल्या एफडीएने ते बारीक कॅथेटर बाजारातून काढून घ्यायला लावले. म्हणून आधी ठेवण बदल, कंबर-गुडघे वाकवून कमरेचा उंचवटा सपाट कर, टेबल थोडं तिरकं करून बघ. दुसऱ्यांदा द्यायचीच झाली तर डोस कमी आणि औषध दुसऱ्या वजनाचं. नाहीतर सरळ जनरल दे. बाई ओरडत असताना सर्जन “अजून थोडं चालवू” म्हणतात, तिथे तू ठाम राहा.

पेशंटशी बोलायचं कसं, हेही तुझ्या कामात धर. सातगाव पठारावरची बाई सीझरला येते तेव्हा तिच्या सासूने तिला सांगून ठेवलेलं असतं की कमरेतलं इंजेक्शन घेतलं की जन्माची कंबर धरते. तिला बटाटे काढायला वाकायचंय, पाण्याचा हंडा उचलायचाय, तिची भीती खरी आहे. तिला झटकून टाकू नकोस. सुईच्या जागी दोन-चार दिवस दुखेल, हे कबूल कर. गरोदरपणात वाढलेलं पोट आणि नंतर बाळाला पाजताना वाकून बसणं, यांनी कंबर दुखते, आणि ज्यांना कमरेत सुई दिली नाही त्या बायकांचीही दुखते, हे सांग. उठून बसल्यावर डोकं दुखलं आणि आडवं झाल्यावर थांबलं, तर तो सुईचा त्रास, तेव्हा आम्हाला फोन करा, घरी अंगावर काढू नका, हेही सांग. २५ किंवा २६ नंबरची सुई वापर, पेन्सिल पॉइंट मिळाली तर तीच. सुई चौथ्या लंबर मणक्याच्या रेघेच्या आसपास किंवा खाली, वर जायचा मोह नको, मज्जारज्जू पहिल्या-दुसऱ्या लंबरपर्यंत आलेला असतो.

सरकारने एमबीबीएस डॉक्टरांना सीझरची भूल द्यायला शिकवायचं अठरा आठवड्यांचं प्रशिक्षण सुरू केलं, त्यातून आलेली काही मुलं-मुली तुला ग्रामीण रुग्णालयांत भेटतील. त्यांना कमी लेखू नकोस. आडरात्री भूलतज्ज्ञ यायला दोन तास लागणार असतात आणि बाळाचे ठोके उतरत असतात, तेव्हा तेच उभे असतात. त्यांना चादरीची घडी दाखव, उशीचं कारण सांग, ट्रॅनेक्झॅमिकचं सांग. नंबर देऊन ठेव आणि रात्री फोन आला तर उचल.

कुठली केस इथे करायची आणि कुठली पुढे पाठवायची, हे भूल द्यायच्या आधी ठरव. प्लेटलेट्स कमी असलेली, रक्त पातळ करणारं औषध घेणारी, झडप आकसलेली, खूप रक्त गेलेली बाई, या ठिकाणी कण्यात सुई घालण्याआधी दहादा विचार. पाठवायचं ठरलं तर लवकर पाठव. १०८ यायला वेळ लागतो, खेडपर्यंत रस्ता बरा असला तरी चाकणला गाडी कधी अडकेल सांगता येत नाही, आणि पिंपरीला वायसीएम किंवा पुण्याला ससून गाठायला संध्याकाळच्या वेळी तासांवर तास जातात. भूल देऊन, पातळी चढलेली असताना, अर्ध्यात गाडीत घालायची वेळ येऊ देऊ नकोस.

शेवटचं काम केस पेपरचं. नुसतं “स्पायनल दिली” असं लिहून सोडू नकोस. औषध हेवी की प्लेन, किती मिली, सोबत काय घातलं, कुठल्या जागी, बसवून की कुशीवर, किती वेळ त्या ठेवणीत ठेवलं, पातळी कुठपर्यंत गेली, किती मिनिटांत, बीपी किती उतरलं आणि कशाने सावरलं, सगळं लिही. डोस कमी करायला लागला असेल तर का, तेही. ही बाई तीन वर्षांनी दुसऱ्या सीझरला येईल तेव्हा माहेरी असेल, ओतूरला किंवा आळेफाट्याला, आणि तिथे टेबलापाशी दुसराच भूलतज्ज्ञ उभा असेल. त्याला तुझ्या कागदावरून कळेल की हिला १.६ मिलीत टी-३ लागला होता. घरच्यांना फाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रेशन कार्डाबरोबर ठेवायला सांग.